पेशी आणि तिची भिंत

सहामाहीच्या उत्तरपत्रिका वाटून झाल्या त्या दुपारी नववीतील एक मुलगी आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. चार पिढ्यांपूर्वी इंदूरला स्थायिक झालेल्या मराठी घरातील ही मुलगी. शाळा हिंदी माध्यमाची. घरात मात्र आजीच्या धाकाने मराठी अजून टिकून आहे. विज्ञानाच्या पत्रिकेत वनस्पती आणि प्राणी यांच्या कोशिकांतील भेद विचारला होता. हिने उत्तर सारे हिंदीत लिहिले होते. फक्त जेथे ‘कोशिका’ म्हणावयाचे तेथे ‘पेशी’ म्हटले होते. शिक्षिकाबाईंनी त्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढून दोन गुण कापले होते.

“सर, आजी म्हणते पेशीच बरोबर आहे.”

आमची मोठी पंचाईत झाली. शिक्षण मराठीतील एम. ए.चे, आणि खुर्ची हिंदी शाळेच्या मुख्याध्यापकाची! हिंदीत पेशी म्हणजे मांसाची पेशी, ज्याला आपण स्नायू म्हणतो. आणि कचेरीच्या आवारात गेलात तर पेशी म्हणजे न्यायाधीशापुढे उभे राहण्याची तारीख. (ही दुसरी फारसीतील ‘पेश’ म्हणजे ‘पुढे’ या शब्दावरून आलेली, आपले पेशवेही त्याच घराण्यातले.) पहिली अस्सल संस्कृत. सुश्रुताने शरीरात पाचशे पेशी मोजल्या आहेत त्या मांसाच्या होत. हिंदीने तो जुना अर्थ राखला, मराठीने तो शब्द उचलून सजीवाच्या सूक्ष्म घटकाला बहाल केला. तेव्हा बाईंचे चुकले नव्हते आणि आजीबाईंचेही नव्हते. हिंदीच्या पत्रिकेत हिंदीतीलच शब्द हवा, गुण कापले ते योग्यच, असे आम्ही तिला सांगितले. तिचे डोळे भरून आले.

“गुणांचं काही नाही, सर. पण आजीला काय सांगू?”

याचे उत्तर आम्हांला त्या क्षणी सुचले नाही. वेळ मारून नेण्यासाठी आम्ही तिची आकृती पाहू लागलो. आकृती सुबक होती. चौदा नावे, चौदा बाण, हिरवा रंग काठाबाहेर न गेलेला. सहज विचारले, “तू प्रत्यक्ष पेशी कधी पाहिली आहेस का?” तिने मान हलवली. पाहणार कुठून? शाळेतील सूक्ष्मदर्शक कपाटात, आणि कपाटाची किल्ली आमच्याच टेबलाच्या खणात. नोंदवहीत तो सुस्थितीत होता, कारण त्याला कोणी हात लावला नव्हता. हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येण्यासारखा नाही.

शिपायाने समोरच्या पोहेवाल्याकडून एक कांदा मागून आणला. कांद्याच्या जाड पापुद्र्याच्या आतल्या, खोलगट बाजूवरून एक पारदर्शक पातळ पटल सहज सुटते. ते काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरले, आयोडीनचा थेंब दिला, वर पातळ काच ठेवली. मुलीने भिंगाला डोळा लावला आणि म्हणाली, “सर, ही तर विटांची भिंत!”

उपमा अगदी नेमकी होती. एकास एक चिकटून लांबट चौकोन, प्रत्येकाची लांबी जेमतेम पाव मिलिमीटर, आणि प्रत्येकात कडेला सरकलेला एकेक पिवळसर ठिपका. तो ठिपका म्हणजे पेशीचे केंद्रक. थोड्या वेळाने तिने विचारले, “पण हिरवं कुठे आहे?” कांद्याच्या त्या पापुद्र्यात हिरवे नसतेच. जमिनीत, अंधारात वाढणाऱ्या भागाला सूर्यप्रकाशात अन्न तयार करणारी हरितलवके काय करावयाची? पुस्तकातील पेशी ही सर्वांची सरासरी काढून रंगवलेली असते, तशी ती जगात क्वचितच भेटते. आपल्या रक्तातील तांबड्या पेशीत तर केंद्रकसुद्धा उरलेले नसते.

मग तिच्याच गालाच्या आतल्या बाजूवरून दात कोरायच्या काडीने हळूच खरवडून घेतले आणि मेथिलीन ब्ल्यूचा थेंब दिला. या पेशी कांद्याच्या पेशीहून पुष्कळ लहान, कडा वेड्यावाकड्या. जणू पापडाचे तुकडे विखुरले आहेत. मध्ये निळे केंद्रक स्पष्ट. पण भिंत नाही. एक अत्यंत नाजूक पटल, बस्स.

आम्हांला वाटते, सारा भेद या एका भिंतीत आहे. तक्त्यातील बाकीच्या ओळी तिच्या मागोमाग येतात. रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाच्या झाडाची पातळ चकती भिंगाखाली पाहिली आणि त्यातील पोकळ कप्प्यांना ‘सेल’, म्हणजे लहानशी खोली, असे नाव दिले. एका घन इंचात असे सव्वाशे कोटींहून अधिक कप्पे असावेत, असा हिशेबही त्याने मांडला. वास्तविक त्याने पाहिल्या त्या रिकाम्या भिंती. आतला रहिवासी केव्हाच मरून गेला होता. नाव मात्र घराचे पडले ते पडलेच. प्राण्यांना अशी भिंत नसल्याने त्यांच्या पेशी ओळखायला पुढे पावणेदोनशे वर्षे गेली. १८३८ साली श्लायडेनने वनस्पती पेशींच्याच बनलेल्या असतात असे सांगितले, आणि पुढच्याच वर्षी श्वानने तेच प्राण्यांविषयी सांगितले. श्वानलाही ती खूण पटली ती बेडकाच्या पिल्लांच्या कूर्चेवरून, कारण कूर्चेतील पेशींभोवती कठीण आवरण असते आणि त्या वनस्पतींच्या पेशींसारख्याच दिसतात.

या भिंतीचे काम पाहण्यास सूक्ष्मदर्शकही नको. आमच्या वाचकभगिनी ते रोज पाहतात. काकडी चोचवून तिला मीठ लावले की घटकाभरात पाणी सुटते. वनस्पतीच्या पेशीच्या मध्यभागी पाण्याचा एक मोठा साठा असतो. पक्व पेशीत तो कधीकधी नव्वद टक्के जागा व्यापतो. मराठी पुस्तके त्याला ‘रिक्तिका’ म्हणतात. जे सर्वांत भरलेले त्याला रिकामे म्हणावे, ही आमच्या परिभाषाकारांची करामत! हिंदीतील ‘रसधानी’ हा शब्द शतपटीने सरस आहे, हे मराठीचा अभिमान बाळगूनही कबूल केले पाहिजे. बाहेर मीठ आले की या साठ्यातील पाणी पटलातून बाहेर ओढले जाते, पेशी ढिली पडते आणि काकडी मऊ होते. उलट, मान टाकलेली कोथिंबिरीची जुडी देठांनी पाण्यात उभी केली की तासाभरात ताठ होते. आत शिरलेले पाणी भिंतीला रेटते, भिंत त्याला परत रेटते. या रेट्याचा जोर पुष्कळदा मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाहूनही अधिक असतो. हाडे नसलेली कोवळी पालेभाजी उभी राहते ती याच बळावर.

तेच साधे पाणी आपल्या तांबड्या पेशीला मिळाले तर? पाणी आत शिरते, पेशी फुगते, आणि थोपवायला भिंत नसल्याने फुटते. म्हणूनच रुग्णालयात शिरेतून कधी निव्वळ पाणी चढवीत नाहीत. सलाइनच्या बाटलीत लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असते. तेवढ्याने पाण्याची आतबाहेरची ओढ सारखी राहते. गतवर्षी घरच्या आजारपणात ती बाटली थेंबथेंब रिती होताना आम्ही रात्रभर पाहत बसलो होतो. हा हिशेब ठाऊक असूनही त्या रात्री आठवला नाही.

भिंत नसण्याचा लाभ म्हणजे मोकळीक. रक्तातील पांढरी पेशी अंग हवे तसे वाकवून जंतूला कवेत घेते, स्नायूची पेशी आखडते व सैल होते. कांद्याच्या पेशीला हे साधणार नाही. ती जेथे जन्मली तेथेच राहते. साखरेपासून शक्ती मोकळी करणाऱ्या तंतुकणिका मात्र दोघींतही असतात. हरितलवके आहेत म्हणजे झाडाला त्यांची गरज नाही, असे कित्येक मुले परीक्षेत लिहितात. ते साफ चूक. झाडही रात्रंदिवस श्वसन करते.

आणि भिंत पेशी मेल्यावरही उरते. माळव्याच्या काळ्या मातीतील कापूस घ्या. त्याचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरील एकच पेशी, लांबत लांबत अडीच-तीन सेंटीमीटर झालेली. बोंड उकलले की आतला जीवनरस सुकून जातो आणि उरते ती जवळजवळ शुद्ध सेल्युलोजची भिंत. एके काळी ज्या कापडगिरण्यांच्या भोंग्यांवर हे शहर उठत-बसत होते, त्या गिरण्या भिंतीच विणीत होत्या म्हणावयाचे!

मुलगी निघाली तेव्हा आम्ही तिला म्हणालो, “आजींना सांग, घरी पेशी आणि शाळेत कोशिका. दोन्ही एकच, तू आज स्वतः पाहिलीस.” तिने विचारले, “त्यांना दाखवायला आणू का, सर?” आजीबाई शनिवारी आल्या. जिना चढून दमल्या होत्या. भिंगाला डोळा लावून बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग हिंदीच्या त्या शिक्षिकाबाईंना मराठीतच म्हणाल्या, “बाई, तुम्ही पाहिलंत का?” बाईंनीही पाहिले नव्हते. त्याही पुढे झाल्या.

सूक्ष्मदर्शक आता कपाटाबाहेर, आमच्याच टेबलावर असतो. धूळ बसू नये म्हणून त्यावर जुन्या धोतराचा तुकडा टाकला आहे.