कंबर विचारू नका, फरक विचारा

जीन्सच्या दुकानात बाईला विचारला जाणारा पहिलाच प्रश्न चुकतो. ‘कंबर किती?’ तिने तीस म्हटले की तिशीचा गठ्ठा काउंटरवर पडतो, ट्रायल रूमचे दार लागते आणि थोड्या वेळाने ती हिरमुसून बाहेर येते. कमरेत बसते ती मांडीवरून चढत नाही आणि मांडीवरून चढते ती कमरेत ढिली. मग काउंटरवरून ठरलेले वाक्य येते, ‘मॅडम, तुमची बॉडीच तशी आहे.’ अंधेरीच्या लोखंडवाला मार्केटमधले बुटीक असो, मुलुंडच्या एम. जी. रोडवरचे दुकान असो की बोरिवली स्टेशनबाहेरचा स्टॉल, हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. ते बोलणाऱ्याने गिऱ्हाईक तर घालवलेलेच असते, वर पॅटर्नचा दोष बाईच्या अंगावर टाकलेला असतो. हा अंक जीन्सच्या फिटिंगवर काढताना आम्हाला पहिल्यांदा हे वाक्य काउंटरवरून उतरवायचे आहे.

दुसरी उतरवायची गोष्ट म्हणजे भिंतीवरचा फळांचा तक्ता. पेअर, अ‍ॅपल, अवरग्लास, रेक्टँगल. गिऱ्हाईक असा तक्ता फोनवर पाहून येते आणि ‘मी पेअर आहे, मला काय चांगले दिसेल?’ असे विचारते. तिचे काही चुकत नाही. पण मास्तरला पेअरवर कात्री चालवता येत नाही, त्याला इंच लागतात. शिवाय या तक्त्यात अवरग्लास हा आदर्श आणि बाकीचे आकार त्याच्यापासून ढळलेले, असा सूर असतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात सहा हजारांहून जास्त स्त्रियांच्या स्कॅनवरून आकारांची विभागणी झाली, तेव्हा अवरग्लास निघाल्या जेमतेम ८ टक्के. कंबर आणि सीट यांत फारसा फरक नसलेल्या, सरळ बांध्याच्या स्त्रिया ४६ टक्के होत्या. म्हणजे ज्या बांध्याला आदर्श धरून बेतायचे, तो बांधा शंभरात आठ जणींचा.

नंबरांचे मूळही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या सरकारी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापे घेतली, प्रत्येकीची ५९. गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापे घेतली खरी, पण हिशेबात धरली नाहीत. त्या आकड्यांच्या पायावर १९५८ मध्ये तिथे साइजचे प्रमाण ठरले आणि १९८३ मध्ये ते मागे घेण्यात आले. तेव्हापासून लेबलवरच्या आकड्याला कोणी धनी उरलेला नाही. एका ब्रँडची तीस दुसऱ्याच्या बत्तिशीला भिडते, आणि गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून आकडा लहान छापण्याची चाल सगळ्यांनाच ठाऊक आहे. आपल्याकडे वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट यांनी २०१८ मध्ये इंडिया साइजचा प्रकल्प जाहीर केला. मुंबईसह सहा शहरांत २५ हजार स्त्री-पुरुषांची थ्रीडी स्कॅनरने मापे घ्यायची, अशी ती योजना. काम मोलाचे आहे. पण देशाची सरासरी हाती आली तरी घाटकोपरच्या काउंटरसमोर सरासरी उभी राहणार नाही, एक बाईच उभी राहील.

तेव्हा विचारायचा तो फरक. सीटच्या मापातून कमरेचे माप वजा करा, जीन्सच्या फिटिंगचा अर्धा निकाल तिथेच लागतो. हे मोठ्या कंपन्यांनाही उशिरा सुचले. लिव्हाइसने बायकांसाठी वेगळी जीन्स १९३४ मध्ये काढली, पण साइज सोडून वळणावर फिट ठरवणारी ‘कर्व्ह आयडी’ आली २०१० मध्ये. साठ हजारांवर स्त्रियांच्या मापांवरून कंपनीने वळणाचे तीन प्रकार पाडले आणि प्रत्येक कमरेला ते तिन्ही दिले. आपल्या बाजारात एका कमरेला तीन फरक ठेवणे बहुतेक दुकानांना परवडत नाही. म्हणून ते काम आल्टरवाल्या मास्तरकडे येते, आणि तो करतो काय, तर खालून तीन इंच कापून देतो.

एक उदाहरण घेऊ. कंबर तीस, सीट त्रेचाळीस, म्हणजे फरक तेरा. तयार जीन्स साधारण दहाचा फरक धरून बेतलेली असते. या बाईने सीटप्रमाणे घेतली तर कमरेत तीन इंच पोकळी राहते आणि वाकली की मागून बेल्ट उघडतो. कमरेप्रमाणे घेतली तर चेन लागत नाही. घ्यायची ती सीटप्रमाणेच, कारण कंबर आत घेता येते, सीट बाहेर काढता येत नाही. कारखान्याच्या शिलाईत माया जवळजवळ नसते.

आता पोकळी काढायची कशी? आपल्याकडची सवय म्हणजे मागच्या मधल्या शिलाईतून सगळे तीन इंच एकदम दाबून टाकायचे. तसे केले की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडतात, बेल्टवर कोन उभा राहतो आणि आहे ती सीट दुप्पट भरते. मधल्या शिलाईतून सव्वा ते दीड इंचाच्या वर जाऊ नये. बेल्ट उसवा, लूप काढा, योकसकट पाचर घ्या आणि ती सीटच्या भरल्या भागापर्यंत हळूहळू शून्यावर आणा. उरलेले माप योकमध्ये दोन्ही बाजूंना छोटे टक घालून किंवा बाजूच्या शिलाईतून काढा. आणि बेल्टचा आकार बघा. सरळ कापलेली पट्टी वळणदार कमरेवर कधीच चिकटून बसत नाही, नंबर कितीही लहान घ्या. खूप फरकाच्या गिऱ्हाइकाला बेल्ट काढून वळणदार बेल्ट बसवून द्या आणि त्याचे पैसे मागा. धागा मात्र मूळच्या रंगाचा नि जाडीचा, सुई सोळा किंवा अठरा नंबरची. शर्टाच्या पांढऱ्या धाग्याने मारलेली टीप सगळ्या मेहनतीची चुगली करते.

खिशांकडे आपले लक्ष कमी असते, पण मागून पाहणाऱ्याची नजर पहिली खिशांवर जाते. लहान खिसे खूप वर आणि लांब लांब लावले की सीट रुंद वाटते. जरा मोठे, किंचित आत झुकलेले खिसे, ज्यांचे टोक सीट संपते तिथेच संपते, ते बहुतेक बांध्यांना बरे दिसतात. सपाट सीटला झाकणाचे किंवा जाड नक्षीचे खिसे थोडा भर देतात. हे माल उचलतानाच बघावे, कारण खिसा उसवला की खालचा गडद निळा चौकोन आयुष्यभर दिसतो.

आपल्या उपनगरांत मात्र याच्या उलट बांधाही काउंटरवर रोज येतो. पोट पुढे, सीट बेताची, पाय बारीक. यातल्या कित्येकींनी चाळिशीपर्यंत साडी किंवा पंजाबी ड्रेसच घातला, आणि आता मुलीच्या आग्रहाने किंवा नव्या नोकरीमुळे पहिली जीन्स घ्यायला आल्या आहेत. त्यांना पोटाप्रमाणे मोठा नंबर द्यावा लागतो आणि मग मांड्यांत पोती लोंबतात. लो वेस्ट दिली तर पोट बेल्टवरून सांडते, एकदम हाय वेस्ट दिली तर बसल्यावर बेल्ट बरगड्यांत रुततो. बेंबीच्या किंचित खाली येणारी, पुढे घट्ट कापडाची, सरळ पायाची जीन्स या बांध्याला शोभते. पाय बारीक आहेत म्हणून घोट्याशी आवळणारी देऊ नका, वरचा भाग आणखी मोठा दिसतो. पाय आत घ्यायचे तर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही शिलाईतून सारखे घ्या. आतल्या बाजूला डबल टीप असते, उसवायला कंटाळा येतो, म्हणून मास्तर फक्त बाहेरून घेतो आणि बाजूची शिलाई पोटरीवरून पुढे सरकते. पाय पिळल्यासारखा दिसतो आणि गिऱ्हाइकाला कारण कळत नाही, नुसते ‘काहीतरी विचित्र वाटतंय’ एवढेच कळते.

सरळ बांध्याच्या मुलीला अडचण कमी. तिला बहुतेक सगळे बसते, बूटकट आणि वाइड लेग तर उत्तमच.

उंचीची गोष्ट वेगळी. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फूट. तिची आतली लांबी सव्वीस-सत्तावीस, आणि दुकानातली जीन्स तीस किंवा बत्तीस. म्हणून खालून कापणे हेच आपले रोजचे काम झाले आहे. पण पाच फुटांच्या बाईचा गुडघाही वर असतो, जीन्सचा मात्र पावणेसहा फुटांच्या हिशेबाने खाली बेतलेला. बूटकटमधून चार इंच कापले की घेर गेला आणि उरली एक आकार नसलेली नळी. तिथे गुडघ्याच्या जागी दोन्ही शिलायांतून थोडे आत घेऊन घेर परत आणावा लागतो. मूळची दुमड कापून पुन्हा जोडण्याचे काम आता बरेच जण करतात, ते उत्तम. आणि कापण्याआधी एकदा धुऊन आणायला सांगा. सुती डेनिम आटते, लायक्रावाली उलट गुडघ्यात वाढते.

या सगळ्यात एक माप कोणीच घेत नाही, ते बसण्याचे. जीन्स उभ्याने घातली जाते, आरशात उभ्यानेच पाहिली जाते आणि दिवसभर बसून वापरली जाते. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली. तेव्हापासून या शहरातल्या बायकांचे कपडे किती बदलले ते तो डबा सांगेल, पण चौथ्या सीटवर अर्धवट टेकून कांदिवलीपर्यंत जाणारीला मागे हात नेऊन टॉप खाली ओढावा लागतो, ते काही सुटलेले नाही. बसल्यावर सीटचा घेर वाढतो आणि मागच्या आसनाला जास्त लांबी लागते. तयार जीन्समध्ये नेमके तेच आखूड असते. ट्रायल रूमबाहेर एक साधे स्टूल ठेवा. बाईला बसवा, मग रिक्षात चढतो तसा एक पाय उचलायला सांगा. मागचा बेल्ट दोन बोटांहून जास्त खाली गेला तर ती जीन्स तिची नाही, आरसा काहीही म्हणो. मास्तरांनी घड्या वाचायला शिकावे. पुढे जांघेतून पंख्यासारख्या आडव्या रेषा निघत असतील तर मांडीत किंवा पुढच्या आसनात कापड कमी आहे. सीटखाली मागे आडव्या लोंबत्या घड्या असतील तर तिथे कापड जास्त आहे. पहिल्या दोषाला मायेअभावी इलाज नसतो, सरळ दुसरा पीस दाखवावा. दुसऱ्याला असतो.

माप घ्यायचे कोणी, हा नाजूक प्रश्न आहे. स्टेशनजवळच्या जिन्याखाली मशीन टाकून बसलेले मास्तर बहुतेक पुरुष. संकोचाने ते कुर्त्यावरूनच टेप फिरवतात, किंवा फिरवतच नाहीत, अंदाजाने कापतात. उत्तर प्रदेशच्या महिला आयोगाने २०२४ मध्ये पुरुष शिंप्यांनी बायकांची मापे घेऊ नयेत असा प्रस्ताव मांडला तेव्हा आपल्या धंद्यात बरीच चिडचिड झाली. बंदी आम्हालाही पटत नाही, त्यात गरीब मास्तरचे पोट जाते. पण बाईला अवघड वाटते हे खोटे नाही. उपाय दोन आहेत आणि दोन्ही स्वस्त. एक, घरची एखादी ताई किंवा काउंटरवरची मुलगी टेप धरेल आणि मास्तर आकडे लिहील. दोन, गिऱ्हाइकाला तिची सगळ्यात आवडती जुनी जीन्स आणायला सांगा आणि ती टेबलावर पसरून कंबर, सीट, मांडी, पुढचे आणि मागचे आसन मोजा. अंगाला हातही लागत नाही आणि माप अंगापेक्षा खरे मिळते, कारण ढिले किती आवडते तेही त्यात येते.

आपण हे काम करू शकत नाही असे कोणी म्हणू नये. अरविंद मिल्सने १९९५ मध्ये ‘रफ अँड टफ’ आणली तेव्हा १९५ रुपयांच्या पाकिटात कापड, चेन, बटण आणि रिव्हेट असे, आणि जीन्स गल्लीतला शिंपीच शिवून देई. मागचे आसन वाढवायचे, कंबर आत घ्यायची हे तेव्हा कापतानाच होऊन जाई. रेडिमेड स्वस्त झाले, उल्हासनगरच्या जीन्सने बाजार भरला आणि आपल्या हातात फक्त दुमड उरली. उल्हासनगरच्या मालाला नावे ठेवायची फॅशन आहे, आम्ही ठेवणार नाही, निम्म्या मुंबईला तो परवडतो. फक्त एवढे ध्यानात ठेवा, की अनेक थर एकावर एक ठेवून कापलेल्या आणि नंतर धुलाई झालेल्या मालात एकाच नंबरचे दोन पीस अर्ध्या-पाऊण इंचाने वेगळे निघतात. एक बसला नाही तर त्याच नंबरचा दुसरा द्या, लगेच वरच्या नंबरवर उडी मारू नका.

दराबाबत स्पष्ट बोलू. दुमडीचा दर आणि फिटिंगचा दर एक असूच शकत नाही. कंबर, योक आणि दोन्ही पाय उसवून बसवायला चांगल्या मास्तरचा दीड-दोन तास जातो. दर वेगळा लिहून दुकानात लावा. गिऱ्हाईक घासाघीस करेल, करू दे. एकदा बसायला सोपी जीन्स मिळालेली बाई तीन मैत्रिणींना घेऊन येते.

वाचकांना एक काम. दिवाळीपर्यंत तुमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांची चार मापे एका वहीत लिहा : कंबर, सीट, बसून सीट आणि आतली लांबी. पाचव्या रकान्यात जीन्सच्या लेबलवरचा नंबर. नाव नको, फोन नको, वय चालेल तर अंदाजे, आणि दुकान कुठल्या स्टेशनजवळ आहे तेवढे. मापे इंचातच द्या, सेंटीमीटर मिसळू नका. वह्यांची पाने आमच्याकडे पाठवा. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा स्टेशनांप्रमाणे लावून, फरकांच्या रकान्यासकट, आम्ही ती जानेवारीच्या अंकात छापू.