मूलपेशींना चालना विकरांची, लगामही विकरांचाच

विशेष प्रतिनिधी

मानवी भ्रूणापासून मिळवलेल्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, प्रयोगशाळेत स्वतःसारख्या नव्या पेशी दीर्घकाळ घडवत राहतात. पार्किन्सन्ससारख्या व्याधींवरील उपचारांची आशा या क्षमतेवरच उभी आहे. मात्र रुग्णाच्या शरीरात गेल्यावरही अशा पेशींचे विभाजन थांबले नाही, तर त्यातून गाठ होऊ शकते. त्यामुळे या क्षमतेची सूत्रे हलवणाऱ्या विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, नियंत्रण मिळवणे हाच या संशोधनाचा गाभा ठरला आहे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये अशा पेशींच्या पहिल्या पाच मालिका तयार केल्या. त्यांत टेलोमरेज हे विकर अतिशय सक्रिय आढळले. सामान्य पेशीच्या प्रत्येक विभाजनात गुणसूत्रांची टोके थोडी झिजतात आणि कालांतराने विभाजन थांबते. टेलोमरेज ही झीज भरून काढते. या विषयावरील शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांतही हेच विकर सक्रिय असते. आशा आणि धोका यांचे मूळ असे एकच आहे.

दुसरी अडचण पेशी जगवण्याची होती. समूहातून सुट्या केल्या की या पेशी मरत. शंभरांतून जेमतेम एखादीच नवी वसाहत उभारू शके. जपानमधील कोबे येथील रायकेन संस्थेत योशिकी सासाई यांच्या गटाने २००७ मध्ये ‘रॉक’ या विकराला रसायनाने रोखले, तेव्हा हे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवर गेले. सुटी पडलेली पेशी या विकराच्या अतिरेकी हालचालीने आकसून मरते, हे पुढे स्पष्ट झाले.

जीएसके-३ या विकराची कथा अधिक बोलकी आहे. ते रोखल्यास मूलपेशींची मूळ अवस्था टिकते, असे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. त्याच शहरातील स्लोन केटरिंग संस्थेच्या गटाने २०११ मध्ये जीएसके-३ रोखणारेच रसायन अन्य घटकांच्या जोडीने वापरून मूलपेशींना डोपामिन निर्माण करणाऱ्या चेतापेशींच्या वाटेवर नेले. म्हणजे विकर एकच, पण वेळ, मात्रा आणि सोबतचे घटक बदलले की परिणाम उलटा. भ्रूणमूलपेशींपासून घडवलेल्या अशा चेतापेशी पार्किन्सन्सच्या १२ रुग्णांच्या मेंदूत रोपण्यात आल्या. त्या प्राथमिक चाचणीत हे रोपण सुरक्षित असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. मात्र परिणामकारकतेचा निर्वाळा मोठ्या चाचण्यांनंतरच मिळू शकतो.

पहिल्या मालिकेपासून इथवर पोहोचण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला. भारतीय रुग्णांनीही हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ठराविक आजारांत रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता अन्य मूलपेशी उपचार प्रमाणित मानले गेले नाहीत. ते नियंत्रित चाचणीतच व्हावेत, अशी भूमिका त्यांत घेण्यात आली. अशा चाचणीबाहेर लाखो रुपये घेऊन हमखास गुण येण्याची ग्वाही देणाऱ्यांना म्हणूनच एक प्रश्न विचारायला हवा. पेशी वाढवल्या, हे ठीक; त्या थांबवणार कशा?