वाऱ्याने बदललेले हिम वाचायचे कसे?

अंटार्क्टिकावरील भारताचे पहिले संशोधन केंद्र, 'दक्षिण गंगोत्री', १९८३-८४ मध्ये तरंगत्या बर्फाच्या थरावर उभारले गेले आणि काही वर्षांतच हिमाखाली गाडले जाऊ लागले. १९९० मध्ये ते बंद करावे लागले. आकाशातून पडणाऱ्या हिमाइतकाच वाऱ्याने वाहून आणलेल्या हिमाचाही धाक ध्रुवीय प्रदेशात असतो. हा धडा घेऊनच पुढे 'मैत्री' खडकाळ जमिनीवर बांधण्यात आली आणि २०१२ मध्ये सुरू झालेली 'भारती' खांबांवर उचलली गेली.

परंतु वारा हिमाची केवळ जागा बदलत नाही, त्याचे रूपही बदलतो. मळणीयंत्र येण्यापूर्वी तळेगाव ढमढेरेच्या खळ्यावर ज्वारी उफणताना वारा भूस दूर नेई, दाणा मात्र तसाच राही. हिमाचा दाणा तसा राहत नाही. चांदणीसारख्या स्फटिकाच्या नाजूक फांद्या आपटून तुटतात, कण बारीक व गोलसर होतात, त्यांतील काही हिम न वितळता थेट वाफ होऊन उडून जाते. मग हे कण घट्ट रचले जाऊन एकमेकांना चिकटतात. ताज्या, भुसभुशीत हिमाचे वजन घनमीटरला १०० किलोच्या आसपास असते. वाऱ्याने ठोकलेल्या थराचे ३०० ते ४०० किलो भरते.

खरा प्रश्न पुढेच आहे. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या उणे २० अंशांच्या प्रयोगशाळेत अंटार्क्टिकाच्या बर्फाचे गाभे तपासले जातात. जड व हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून गतकाळातील तापमानाचा अंदाज बांधला जातो. जड ऑक्सिजन अधिक, म्हणजे काळ अधिक उबदार, असा ढोबळ नियम. मात्र स्वित्झर्लंडमधील दावोस येथे शीतकक्षातील वातबोगद्यात झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, हिम जितका वेळ उडत राहिले तितके त्यातील जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढलेले आढळले. म्हणजे केवळ वाऱ्यामुळे एखादा थर होता त्याहून उबदार भासू शकतो!

यावरून गाभ्यांची साक्ष खोटी ठरवण्याची घाई हवामानबदल नाकारणाऱ्यांनी करू नये. प्रयोगशाळेतील वातबोगदा म्हणजे अंटार्क्टिका नव्हे, आणि गाभ्यांचे वाचन एकाच खुणेवर अवलंबून नसते. पण वाऱ्याचा हिशेब मांडावा लागेल, हे निश्चित. 'मैत्री'ची जागा घेणाऱ्या नव्या केंद्राची योजना आखली जात असताना, इमारत हिमाखाली जाऊ नये एवढीच काळजी पुरेशी नाही. तिथे उडत्या हिमाचे वर्षभर मोजमाप करणारी यंत्रेही पहिल्या दिवसापासून हवीत.