चौकशीचा अपमान



या वेळचा विषय काहींना रुचणार नाही याची कल्पना आहे. तरी लिहितो, कारण तो माझ्याकडे एका मित्राच्या फोनवरून आला आणि तेव्हा मी त्याच्याशी नीट वागलो नाही.

हा मित्र इथे लंडनजवळच राहतो. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगी शिकायला लांब. एका रविवारी हवापाण्याच्या भरपूर गप्पा मारून झाल्यावर तो म्हणाला, "तू शिकलेला माणूस, म्हणून तुला विचारतो. कामासाठी बाहेरगावी गेलो होतो, तिथून एका एस्कॉर्ट एजन्सीला फोन केला. बाई म्हणाली, खरं नाव सांगा, नंबर लपवून फोन करू नका. हॉटेलातली खोली कुणाच्या नावावर आहे ते सांगा, आम्ही रिसेप्शनला फोन करून खात्री करू. अरे, मी काय चोर आहे? पंचवीस वर्षं या देशात टॅक्स भरतोय!"

मी आधी हसलो. मग भाषण दिलं. "बरं, ठेवतो," म्हणून त्याने फोन ठेवला. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट या कामी निरुपयोगी आहे हे खरंच, पण मित्र म्हणूनही मी नापास झालो होतो.

प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. आपल्या लोकांना चौकशीचं वावडं कधीपासून झालं? स्थळ सांगून आलं की मुलाचा पगार, घराचं कर्ज, व्हिसाचा प्रकार, 'घेतो' का आणि किती, हे सगळं विचारलं जातं. त्याच्या ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला गुपचूप फोन जातो. कांदेपोह्यांच्या वेळी तर दिवाणखान्यात दहा माणसं हजर असतात, आणि तरीही एवढी चौकशी. मग जी स्त्री रात्री एकटी, अनोळखी पुरुषाच्या बंद खोलीत जाणार, तिने नाव विचारलं की आपला अपमान होतो?

२८ जुलै १९८६ रोजी लंडनच्या फुलहॅम भागात सुझी लॅम्पलू ही पंचवीस वर्षांची मुलगी एका गिऱ्हाइकाला घर दाखवायला गेली. ती घरं विकणाऱ्या एजन्सीत नोकरीला होती. डायरीत गिऱ्हाइकाचं नाव 'मिस्टर किपर' एवढंच. ती परत आली नाही. तिच्या आईवडिलांनी तिच्या नावाने ट्रस्ट काढला. कुठे जातोय, कुणाला भेटतोय, परत कधी येणार हे मागे कुणाला तरी सांगून जावं, असं एकट्याने काम करणाऱ्यांना तो ट्रस्ट शिकवत आला आहे. यात कुणाला काही गैर वाटत नाही. माझ्या प्रयोगशाळेतसुद्धा रात्री एकट्याने काम करायचं तर वहीत नाव लिहावं लागतं. एस्कॉर्ट एजन्सीतली फोनवरची बाई नेमकं हेच करते. आवाज ऐकते, माणूस प्यायलेला आहे का ते ताडते. मुलगी पोचली की तिचा फोन यायला हवा, निघाली की पुन्हा. तो आला नाही तर कुणीतरी शोधायला निघतं. अमेरिकेत तर नोकरीचं ठिकाण विचारतात, किंवा आधी भेटलेल्या दोघींचा हवाला मागतात. ज्याच्या मनात काळंबेरं असतं त्याला निनावी राहायचं असतं. नाव मागितल्याबरोबर तो बहुधा दुसरीकडे वळतो.

अर्थात ही चाळणी आहे, भिंत नव्हे. खरं नाव आणि चांगली नोकरी असलेला माणूसही हात उचलू शकतो. म्हणून या स्त्रिया एकमेकींना सावध करतात. १९८६ साली मेलबर्नमध्ये त्यांच्याच संघटनेने त्रासदायक गिऱ्हाइकांची वर्णनं कळवण्याची पद्धत सुरू केली. ब्रिटनमध्ये २०१२ पासून 'नॅशनल अग्ली मग्ज' हे काम देशभर करते. तक्रार पोलिसांकडे द्यायची की नाही, ते ती स्त्री ठरवते.

रस्त्यावर उभं राहणाऱ्या स्त्रीला मात्र गाडीत बसण्याआधी जेमतेम काही क्षण मिळतात, त्यातही एक डोळा पोलिसांवर. २००६ च्या अखेरीस इप्सविचमध्ये अशा पाच जणींचे खून झाले.

मला खरा राग येतो तो कायद्याचा. इंग्लंडमध्ये प्रौढांनी राजीखुशीने असा व्यवहार करणं गुन्हा नाही. पण दोघींनी एकमेकींच्या सोबतीसाठी एकाच फ्लॅटमधून काम केलं, की तो कायद्याने कुंटणखाना होतो. एकटीला 'नाही' म्हणणं जड जातं, शेजारच्या खोलीत दुसरी असली की सोपं होतं, हे समजायला संशोधन लागत नाही. सांगलीच्या स्त्रियांना ते कधीच कळलं होतं. 'संग्राम'च्या कामातून १९९६ साली त्यांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली ती एकीच्या बळावरच. इथल्या संसदेच्या गृहखात्याविषयीच्या समितीनेही २०१६ मध्ये शिफारस केली होती की एकत्र काम करणाऱ्यांना या कलमातून वगळावं. अमेरिकेत २०१८ च्या एप्रिलमध्ये 'बॅकपेज' बंद पाडलं गेलं आणि पाठोपाठ 'फोस्टा' कायदा आला. मानवी तस्करी थांबवणं हा हेतू. त्या भीतीने ज्या जागी या स्त्रिया गिऱ्हाईक पारखत होत्या, एकमेकींना इशारे देत होत्या, त्यांतल्या कित्येक बंद झाल्या. तीन वर्षांनी, २०२१ मध्ये, सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितलं की या कायद्यातलं नवं फौजदारी कलम तोवर एकदाच वापरलं गेलं होतं.

मित्राची भीती अगदीच खोटी होती असं नाही. २०१५ मध्ये 'ॲश्ले मॅडिसन'ची यादी फुटली तेव्हा कित्येक घरांत काय झालं ते आठवतं. माझं नाव कुठे आणि किती दिवस ठेवणार, हे सभ्यपणे विचारावं. उत्तर पटलं नाही तर फोन ठेवावा. पण खोटं नाव देऊ नये, आणि ठरलेल्या पैशांवरून दारात घासाघीस तर मुळीच करू नये. भाजीच्या दुकानातली आपली ही सवय तिथे नेणारे आहेत, हे ऐकून आहे.

आणखी एक गोष्ट त्याने अडखळत सांगितली. काही जाहिरातींत 'आशियाई पुरुष नकोत' असं लिहिलेलं असतं. मला ते खुपतं. वंशावरून काढलेला निष्कर्ष तो, दुसरं काय? पण नोकरीत डावललं म्हणून दाद मागावी तशी दाद इथे मागता येत नाही. तिच्या देहाबाबतचा नकार तिचा आहे, कारण वाईट असलं तरी.

चौकशी आपणही करायची असते. मुलगी स्वतः बोलतच नसेल, घाबरलेली दिसत असेल, पैसे दुसराच कुणी ओढून घेत असेल, तर तिथून निघावं आणि कळवावं. एप्रिल २०१० पासून बळजबरी झालेल्या स्त्रीला पैसे देणं हा इथे गुन्हा आहे, आणि 'मला माहीत नव्हतं' हा बचाव चालत नाही.

पंधरा दिवसांनी मीच मित्राला फोन केला. आधी माफी मागितली. मग यातलं बरंचसं सांगितलं, थोडं कमी भाषण करून. तो गप्प होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे खरं नाव द्यायचं?"

"हो. आणि आडनावाचं स्पेलिंग सावकाश सांग, त्यांना आपली आडनावं लिहिता येत नाहीत."

तो हसला. पुढे त्याने काय केलं ते मी विचारलं नाही. दिवाळीला जेवायला येणार आहे.