कुठलं पुस्तक घेऊ?

"वेब प्रोग्रॅमिंग शिकायचंय, कुठलं पुस्तक घेऊ?" हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. विचारणारा म्हणजे ओळखीतल्या कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी, कॉलेज नुकतंच संपलेलं. आणि खरं तर त्यांचं ठरलेलं असतं. "रिॲक्टचं कुठलं?", "जँगोचं कुठलं?" एवढंच विचारायचं असतं. माझंही उत्तर ठरलेलं आहे आणि ते फारसं कुणाला आवडत नाही. पहिलं पुस्तक फ्रेमवर्कचं घेऊच नका.

तुम्ही म्हणाल, मुळात पुस्तकच कशाला? व्हिडिओ आहेत, एआय आहे... त्याकडे येतो. आधी फ्रेमवर्कचं बघू.

ही पुस्तकं लवकर नासतात हे तर सगळ्यांना माहीत आहे. अँग्युलर-जेएस २०१० साली आलं, त्यावर ढिगाने पुस्तकं निघाली. २०१६ च्या सप्टेंबरात नवं अँग्युलर आलं ते इतकं वेगळं की जुनं पुस्तक उशाला घेण्याच्याच कामाचं उरलं. रिॲक्टमध्ये २०१९ च्या फेब्रुवारीत हुक्स आले आणि त्याआधीच्या पुस्तकांतला निम्मा कोड एका फटक्यात 'जुनी पद्धत' झाला. पीएचपी-मायएसक्यूएलच्या जाड पुस्तकांतून ज्या फंक्शन्सनी एका पिढीला डेटाबेसशी बोलायला शिकवलं, ती २०१५ साली पीएचपी ७ मधून काढूनच टाकली. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती जाडजूड पुस्तकं अजून दिसतात. मला उगाच वाईट वाटतं.

पण माझी खरी तक्रार नासण्याबद्दल नाही. फ्रेमवर्कचं काम म्हणजे खालचं सगळं झाकून ठेवणं, आणि पुस्तकही तेच झाकलेलं दाखवतं. ज्याला खाली काय आहे ते माहीत आहे त्याच्यासाठी ही सोय आहे. ज्याला माहीत नाही त्याला खाली काही आहे हेच कळत नाही.

एक जुना किस्सा सांगतो. २००५ च्या मे महिन्यात गूगलने 'वेब ॲक्सिलरेटर' नावाचं एक सॉफ्टवेअर काढलं. ते तुमच्या संगणकावर बसायचं आणि तुम्ही एखादं पान वाचत असताना त्यावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायचं, म्हणजे तुम्ही क्लिक केलं की पान चटकन हजर. कल्पना वाईट नव्हती. पण त्या काळी कितीतरी वेब ॲप्लिकेशन्समध्ये 'डिलीट' ही एक साधी लिंकच असायची. ॲक्सिलरेटरने इमानेइतबारे त्याही लिंका उघडल्या आणि लोकांचा डेटा उडाला! "खरंच डिलीट करायचं का?" असं विचारणारी जावास्क्रिप्टची खिडकी होती, पण ती माणसाने क्लिक केलं तरच उघडणार. हे महाशय लिंकचा पत्ता वाचून थेट सर्व्हरकडे जात. बरं, लॉगिनचाही उपयोग नाही, कारण हे सगळं तुमच्याच ब्राउझरच्या ओळखीने चाललेलं.

त्यावर बराच वाद झाला, गूगलला शिव्या पडल्या. पण १९९९ च्या एचटीटीपी १.१ च्या मानकात स्पष्ट म्हटलेलं होतं की 'गेट' ही विनंती फक्त माहिती आणण्यासाठी, तिने काही बदल घडू नये. बदल करायचा तर 'पोस्ट' आणि तिची भावंडं आहेत. साध्या लिंकवर क्लिक म्हणजे गेट. ज्यांनी हे वाचलं होतं त्यांचा डेटा शाबूत राहिला. मानकाची नवी आवृत्ती २०२२ च्या जूनमध्ये आली, त्यातही हा नियम तसाच आहे. मधल्या काळात किती फ्रेमवर्कं आली-गेली ते मोजा!

आता जरा घरचं उदाहरण. माझा मामेभाऊ सांगली जिल्ह्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बीएस्सी कॉम्प्युटर. पुण्यात येऊन सहा महिन्यांचा 'फुल स्टॅक'चा क्लास केला. मामाने त्याच्या फीसाठी एफडी मोडली. मुलगा हुशार आहे, तीन प्रोजेक्ट केले, त्यातलं एक अख्खं ऑनलाइन दुकान. पहिल्याच बऱ्या मुलाखतीत त्याला विचारलं, "लॉगिन करून तू दुसऱ्या पानावर गेलास, तर तू तोच आहेस हे सर्व्हरला कसं कळतं?" हा म्हणाला, "मिडलवेअर चेक करतं." "काय चेक करतं?" पुढे शांतता.

माझ्या मते यात पोराचा काहीही दोष नाही. सहा महिन्यांत त्याला कुणी ते झाकण उघडून दाखवलंच नाही. उत्तर इतकं सोपं आहे की देवळाबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर समजावता येतं. सर्व्हरला तुमचा चेहरा लक्षात राहत नाही, प्रत्येक विनंती त्याला नवीच. म्हणून तो पहिल्यांदा तुम्हाला एक बिल्ला देतो, तो म्हणजे कुकी. पुढे प्रत्येक वेळी ब्राउझर न विसरता तो बिल्ला दाखवतो. चपला, म्हणजे सेशनमधली माहिती, सर्व्हरच्या फळीवर. बिल्ला दुसऱ्याच्या हाती लागला तर तुमच्या चपला घालून तो घरी जाणार. झालं! यातून पुढे कुकी जावास्क्रिप्टला वाचता येऊ नये ही सोय कशासाठी, लॉगआउट करताना नुसती कुकी पुसून का भागत नाही, हे सगळं आपोआप सुचतं.

त्याला मी 'एचटीटीपी: द डेफिनिटिव्ह गाइड' हातात दिलं. २००२ सालचं, सहाशेच्या वर पानं. पहिली काही प्रकरणं, मग कुकीचं आणि कॅशिंगचं, एवढंच वाच म्हटलं. त्याचा पहिला प्रश्न, "दादा, एवढं इंग्रजी झेपेल का?"

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे बरीच मुलं इथेच अडतात आणि हिंदी व्हिडिओंकडे वळतात. (मराठीत या पातळीचं पुस्तक मला तरी अजून मिळालेलं नाही.) माझा अनुभव असा की तांत्रिक पुस्तकाचं इंग्रजी कादंबरीच्या इंग्रजीपेक्षा खूपच सोपं असतं. दोन-अडीचशे शब्द आहेत, तेच फिरून फिरून येतात. पहिली तीस पानं डिक्शनरी लागते, नंतर लागत नाही. वाक्य कळलं नाही तर ते तिथेच थांबून राहतं. व्हिडिओतला माणूस पुढे निघून जातो, आणि आपल्याला कळल्यासारखं वाटतं ते वेगळंच :)

वाचायची पद्धत मात्र कादंबरीची नको. ब्राउझरमधला नेटवर्क टॅब उघडा ठेवायचा आणि पुस्तकात दिसणारी प्रत्येक हेडर-ओळ स्वतःच्या बँकेच्या, रेल्वेच्या साइटवर शोधायची. मग पायथनमध्ये कुठलंही फ्रेमवर्क न घेता नुसत्या सॉकेटवर एक छोटा सर्व्हर लिहायचा. विनंती वाच, पान परत दे, कुकी दे, पुढच्या वेळी ओळख. शंभरेक ओळींत होतं. भावाने दोन वीकेंड घेतले. फॉर्म भरून रिफ्रेश केल्यावर तीच नोंद दोनदा पडली तेव्हा त्याचा रात्री अकराला फोन, "दादा, म्हणून रीडायरेक्ट करतात होय!" हे त्याला क्लासमध्ये 'असंच करायचं असतं' म्हणून सांगितलेलं होतं. नोकरी अजून लागलेली नाही. पण परवा एका मुलाखतीत वीस मिनिटं याच विषयावर बोलून आला.

आता एआय. लॉगिनचा कोड तो मिनिटभरात लिहून देतो आणि बऱ्याचदा बरा देतो. मीही ऑफिसात वापरतो. पण त्याने डिलीट गेटवर टाकलंय का, कुकी उघडी सोडलीय का, हे बघून सही करणारा माणूस लागतो, आणि फ्रेशरला पगार द्यायचा तर कंपनी तेच बघणार. एआयला प्रश्न विचारायलासुद्धा खाली काय आहे ते माहीत हवं. मिडलवेअरच्या खाली काही असतं हेच माहीत नसेल तर विचारणार काय?

जुन्या पुस्तकाचा तोटाही सांगतो. २००२ च्या पुस्तकात एचटीटीपी २ आणि ३ नाहीत, आणि क्रोमने २०२० साली दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या विनंतीबरोबर कुकी पाठवण्यावर जे निर्बंध आणले तेही नाहीत. ही भर नेटवरून घालावी लागते. पण पाया असेल तर एका संध्याकाळचं काम आहे. सुरक्षेसाठी 'वेब ॲप्लिकेशन हॅकर्स हँडबुक'ची २०११ ची आवृत्ती चाळा, आणि सरावासाठी त्याच्या एका लेखकाच्या कंपनीने, पोर्टस्विगरने, २०१९ मध्ये सुरू केलेली फुकट ऑनलाइन अकादमी बघा. एसक्यूएल इंजेक्शन स्वतःच्या हाताने एकदा करून बघितलं की डेटाबेसची क्वेरी स्ट्रिंग जोडून लिहायला हात धजत नाही.

यानंतर खुशाल फ्रेमवर्कचं पुस्तक घ्या. त्यातही अख्ख्या पुस्तकात एकच ॲप्लिकेशन वाढवत नेणारं घ्या. २००५ मध्ये आलेल्या रेल्सच्या प्रसिद्ध पुस्तकात 'डेपो' नावाचं एक दुकान असं प्रकरणागणिक वाढत जातं, गिऱ्हाईक मध्येच मागण्या बदलतं, अगदी आपल्या ऑफिसासारखं. दर प्रकरणाला नवं खेळणं देणारी पुस्तकं मी दुकानातच परत ठेवतो.

आणि विकत घेण्याआधी एक करा. अनुक्रमणिका उघडून 'कुकी' आणि 'सेशन' कितव्या पानावर आहेत ते बघा. शेवटच्या परिशिष्टात असतील तर ते पुस्तक नंतरसाठी ठेवा.