फेटा घातला की झाला मराठा?

मागच्या शनिवार-रविवारी डोणगावला घरी होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जिल्हा बुलढाणा, तालुका मेहकर. मेहकरहून मालेगावकडे निघालात की रस्त्यातच लागतं. दोन्ही दिवस ओसरीवर बसून मी एका गोऱ्या शिपायाचं नाक कानशीने घासत होतो. कामाच्या ताणानं पोरगं बिघडलं, असं घरच्यांचं मत पडलं.

शिपाई रेझिनचा. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश टॉमी, छातीपर्यंतचा पुतळा, माप एकास दहा. मला हवा होता १९४५ सालचा, इटलीत लढणारा मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान. तो तयार काही मला मिळाला नाही. भारतीय शिपाई म्हणून जे मिळतात ते बहुतेक शीख नाहीतर गुरखे. मग आहे त्यालाच बदलायचा ठरवला. काम अर्धं झाल्यावर हापिसातल्या एका मित्राला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "यात मराठा कुठाय? टोप काढ, फेटा घाल, मिशा वळव, कपाळावर गंध लाव. मग ओळखू येईल."

आणि माझं डोकं फिरलं. हा लेख त्यातूनच आलाय, तेव्हा सूर थोडा चढा लागला तर सांभाळून घ्या.

आधी थोडी माहिती. इटलीच्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक होते. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैनिकांना मिळाले आणि त्यातले दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे. एक नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे मशिनगनवर धावून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून लढले आणि तिथेच पडले. दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर दोन जखमी सोबत्यांना त्यांनी पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग एकट्याने तीन मशिनगन बंद पाडल्या. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब फेकले. शेवटी बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं.

आता सांगा, हे लोक फेटे बांधून, गंध लावून गेले होते का? त्या मोहिमेतला मराठा पायदळाचा शिपाई डोक्यावर लोखंडी टोप घालून, जाड लोकरीच्या खाकी कपड्यांत लढला. म्हणजे गंमत बघा, माझ्या खोक्यातल्या टॉमीचा पोशाख जवळजवळ जसाच्या तसा बरोबर होता! बदलायचा होता फक्त चेहरा. आणि आपण नेमका तोच सोडून बाकी सगळं बदलायला निघतो. आयकॉन बदलायचा आणि नवं व्हर्जन म्हणून खपवायचं, आमच्या धंद्यातली जुनीच खोड.

चेहरा का टाळतात तेही सांगतो. एकास दहाच्या मापात अख्खं डोकं भरतं साधारण २३ मिलिमीटर. तिथे अर्धा मिलिमीटर चुकला की खऱ्या माणसाच्या तोंडावर पाच मिलिमीटरची चूक. नाक, गाल, जबडा आधी घासून खाली न्यायचा (तोंडाला मास्क लावून आणि पाणी मारून. रेझिनची धूळ छातीत जाऊ देऊ नका). टोपाचा पट्टा जबड्यावरून जातो, त्यामुळे तोही काढावा लागतो आणि शेवटी पुट्टीची बारीक पट्टी लाटून नव्याने बसवावा लागतो. मग पिवळी आणि निळी पुट्टी समसमान मळून हिरवी करायची. तासाभरात काय तो आकार द्यायचा आणि रात्रभर सुकू द्यायचं. डोळे दोन्ही एकाच बैठकीत करायचे. एक आज, एक उद्या केला की माणूस तिरळा होतो. माझा झाला. दोनदा.

यापेक्षा फेटा सोपा. पुट्टीच्या चार वळकट्या गुंडाळल्या, झाला फेटा. त्याहून सोपं म्हणजे गोऱ्या चेहऱ्याला तपकिरी रंग फासणं. पण त्यातून मराठा होत नाही, होतो तो उन्हात रापलेला टॉमी. खाली हाडं त्याचीच राहतात.

मग मराठा चेहरा कसा असतो? हा प्रश्न घेऊन मी डोणगावच्या स्टँडवर अर्धा तास चहा पीत बसलो. दहा माणसं पाहिली, दहा तऱ्हेची नाकं दिसली. असा काही साचा नसतोच हो! साचा असतो तो कॅलेंडरवाल्यांकडे: वटारलेले डोळे, आवळलेले दात, तलवारकट मिशा. मला कुठलाही "मराठा" नको होता. एक माणूस हवा होता, इथल्या मातीतला, बाविसेक वर्षांचा, बरेच दिवस नीट न झोपलेला.

आणि पुराव्यापेक्षा सवय जवळची वाटणं, हा आपला जुनाच रोग. खुद्द महाराजांचं म्हणून एक चित्र आपल्याकडे सर्रास फिरत होतं, ते निघालं इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचं. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचं खरं चित्र लोकांपुढे आणलं, तेव्हा तो घोळ मिटला. जिथे महाराजांच्या बाबतीत हे घडलं, तिथे एका साध्या शिपायाची काय कथा?

आणखी एक आक्षेप हमखास येतो. "ते तर इंग्रजांचे नोकर. त्यांचे कसले पुतळे?" हो, नोकर होते. पगार घेत होते, गुलाम देशाच्या सरकारसाठी लढत होते. हे मी लपवत नाही, उलट म्हणूनच तो इंग्रजी टोप डोक्यावर राहिला पाहिजे. टोप काढून फेटा घातलात की ही सगळी अडचण पुसली जाते आणि उरतो एक सोयीचा मावळा. २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावात घाडगेंच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. आपल्याकडे मात्र किती जणांना हे नाव माहीत आहे? आपल्या मनातल्या चित्राशी जुळत नाहीत म्हणून आपण आपलीच माणसं विसरलो. माझा राग आहे तो यावर. फेटा बिचारा निमित्त.

ज्यांना हौस आहे त्यांनी पेशवाईतला स्वार करावा, पुरावे बघून झकास फेटा बांधावा. माझी ना नाही. पण सेनिओच्या काठावरच्या माणसाला तरी त्याचा टोप राहू द्या.

रविवारी संध्याकाळी शेजारचे आबा येऊन बसले. पुतळा हातात घेऊन उजेडाकडे धरला.

"कोन होय रे हा?"

"मराठा पलटणीतला शिपाई, आबा. इटलीत होता."

"मंग टोपी इंग्रजाची काहून?"

"सगळ्यांना तीच होती."

आबांनी त्याला बराच वेळ न्याहाळलं. मग खाली ठेवत म्हणाले, "लई दिसाचा जेवला नाही वाट्टे."

मिशांबद्दल एक शब्द नाही. मला तेवढं पुरे आहे. डावा डोळा अजून जरा तिरका वाटतोय, तो पुढच्या शनिवारी खरवडून पुन्हा करणार. तोवर नमस्कार.