शरीराचें अस्तर

गेल्या अंकीं आम्हीं पेशींविषयीं चार शब्द लिहिले. एका जातीच्या पेशी एका कामासाठीं एकत्र येऊन जी वीण तयार होते, तिला शास्त्रकार ‘ऊती’ म्हणतात. प्राण्यांच्या शरीरांत ऊतींचे मुख्य वर्ग चार: अंग झांकणाऱ्या व आंतून मढविणाऱ्या अभिस्तर ऊती, आधार देणाऱ्या संयोजी ऊती (यांत हाडें, कूर्चा, चरबी आणि, ऐकून नवल वाटेल, रक्तहि मोडतें), स्नायूंच्या ऊती, आणि मज्जातंतूंच्या ऊती. या शास्त्राचा पाया घालणारा पॅरिसचा वैद्य बिशा हा मोठा विलक्षण गृहस्थ होता. सूक्ष्मदर्शक यंत्रावर त्याचा विश्वास नव्हता. प्रेतांचे भाग उकळून, वाळवून, अम्लांत मुरवून त्यानें २१ प्रकारच्या ऊती निराळ्या ओळखल्या, आणि १८०२ सालीं, वयाचीं पुरतीं एकतीस वर्षेंहि झालीं नसतां, तो वारला.

प्रस्तुत लेखांत पहिल्या वर्गापुरतेंच लिहिण्याचें योजिलें आहे. कारण आपल्या घरांतून नित्य दिसणारा आणि नित्य दृष्टीआड केला जाणारा एक विकार याच ऊतींत उद्भवतो.

कोटाला अस्तर आंतून असतें. शरीराला तें आंतून आणि बाहेरून, दोहींकडून आहे. कातडीचा वरचा भाग, तोंड, घसा, आंतडीं, श्वासनलिका, मूत्रमार्ग या सर्वांवर अभिस्तराचें आवरण असतें. त्यांतील पेशी एकमेकींस इतक्या चिकटून असतात कीं मध्यें फट म्हणून राहत नाहीं. त्यांच्या खालीं एक अतिशय पातळ पडदा असतो, त्यास आधारपटल म्हणतात. विशेष हें कीं, या पडद्याच्या वर रक्तवाहिन्या जात नाहींत. खालून जें पोषण झिरपत येईल त्यावरच अस्तराचा निर्वाह. म्हणूनच नखाचा हलका ओरखडा पांढरा उमटतो, रक्त येत नाहीं.

जेथें जसें काम तेथें तसें अस्तर. फुप्फुसांत हवेची देवघेव व्हावयाची. तेथें चपट्या पेशींचा एकच थर पुरतो, आणि तो व शेजारच्या केशवाहिनीची भिंत मिळूनहि जाडी बहुतेक ठिकाणीं मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहून कमी भरते. मूत्रपिंडाच्या नलिकांत पेशी चौकोनी ठोकळ्यांसारख्या असतात. आंतड्यांत त्या उभट, खांबांसारख्या. अन्नरस शोषून घेण्याचें काम त्यांचें, आणि आयुष्य अवघें चार-पांच दिवसांचें. गणेशचतुर्थीच्या मोदकांचा रस ज्या पेशींनीं शोषला, त्यांतील बहुतेक अनंतचतुर्दशीस हजर नसतात! श्वासनलिकेंतील उभट पेशींच्या माथ्यावर सूक्ष्म रोम असतात. ते सेकंदास १० ते २० वेळां हालून, धूळ धरून ठेवणारा चिकट कफ घशाकडे वर सारीत राहतात. ही झाडलोट आपण निजलों असतांहि चालूच असते.

तोंडांत आणि कातडीवर मात्र घर्षण फार. तेथें चपट्या पेशींचे अनेक थर एकावर एक रचलेले असतात. वरचे झिजून गळतात, खालून नवे येतात. कातडीचे वरचे थर मृत व शुष्क, गालाच्या आंतल्या बाजूचे ओले व मृदु, एवढाच काय तो भेद.

आतां मुद्द्याची गोष्ट. अस्तरास सतत जाच झाला म्हणजे तें आपली जात बदलतें. वर्षानुवर्षें विडी-सिगारेट ओढणाराच्या श्वासमार्गांत ठिकठिकाणीं रोमधारी पेशी जाऊन चपट्या पेशींचे थर बसतात. ते धुरापुढें टिकाव धरतात खरे, पण केरसुणी नाहींशी होते. मग सांचलेला कफ खोकून काढण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. तोंडांतहि असाच पालट होतो. तंबाखू-चुना जेथें धरला जातो तेथील मृदु अस्तर जाड होऊन पांढरा चट्टा पडतो.

आमच्या एका वाचक भगिनी लिहितात, ‘मामंजींच्या गालाच्या आंत पांढरट चट्टा दिसतो, पण दुखत नाहीं, म्हणून ते डॉक्टरांकडे जावयास तयार नाहींत.’ त्यांस आमचें उत्तर स्पष्ट आहे. न दुखणें ही सुरक्षिततेची खूण नव्हे. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, त्याहूनहि घातक असा मखमलीसारखा तांबडा चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत भरून न येणारा व्रण दिसतांच दाखवावा. बहुतेक पांढरे चट्टे कर्करोगापर्यंत जात नाहींत. तंबाखू सोडल्यावर कांहीं आपोआप मावळतातहि. परंतु कोणता जाईल हें नुसत्या डोळ्यांनीं ठरत नाहीं. त्यासाठीं लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो. बिघडलेल्या पेशी आधारपटलाच्या वर आहेत तोंवर त्यांस रक्तवाहिन्यांची वाट सांपडलेली नसते. पटल भेदून त्या खालीं उतरल्या म्हणजे प्रकरण निराळें होतें. सुनेच्या सांगण्यास मामंजी मान देत नसतील, तर सासूबाईंनीं किंवा त्यांच्या बरोबरीच्या एखाद्या स्नेह्यानें ही गोष्ट काढावी. घरीं कामास येणाऱ्या बाईची मिश्रीहि तंबाखूचीच असते. तिच्याहि तोंडाची चौकशी व्हावी.

कोणी म्हणतील, आमच्याकडे तंबाखू नाहीं, जेवणानंतर नुसती सुपारी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या लिओं येथील कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, तंबाखूवांचून नुसती सुपारीहि कर्करोगास कारण होते, असा निर्णय दिला आहे. पूजेंत गणपति म्हणून मांडल्या जाणाऱ्या सुपारीशीं आमचें भांडण नाहीं. भांडण आहे तें अडकित्त्यानें कातरून तासन् तास गालांत धरल्या जाणाऱ्या सुपारीशीं. तिच्यापासून आणखी एक विकार जडतो. आधीं तिखट सोसेनासें होतें, मग गाल ताठरतात, आणि हळूहळू तोंड इतकें आखडतें कीं घास घेणेंहि कठीण होतें. हा बिघाड मुख्यतः अस्तराच्या खालीं, संयोजी ऊतींच्या तंतूंत होतो. त्या ऊतींचें वर्णन पुढील अंकीं करूं.